कशावरून?

बापू मगदूमांच्या दाराची बेल वाजवली की आतून आधी "कोण?" असं यायचं. आपण नाव सांगायचं. मग दुसरा प्रश्न, "कशावरून?"

हे गमतीत नसायचं. राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दाराबाहेर उभा राहून माझं नाव माझंच आहे याचा पुरावा शोधत होतो. शेवटी म्हणालो, "बापू, रविवारी सायकलवर भेटलो होतो की. गणिताचे क्लास घेतो तो मी." तेव्हा कुठं दार चार बोटं उघडलं. फटीतून एक डोळा मला खालपासून वरपर्यंत बघून गेला.

"मग तसं म्हणायचं की सर. नाव काय, कुणीबी सांगतंय."

बापू जाऊन आता वर्ष होत आलं. कुरुंदवाडला, त्यांच्या मूळ घरी, झोपेतच गेले. बातमी कळल्यावर आमच्या सायकलवाल्यांपैकी एकजण फोनवर पटकन म्हणाला, "नक्की का?" तो प्रश्न त्याचा नव्हता, बापूंचा होता. माणूस असा आपल्या तोंडात राहून जातो.

नोकरीत असताना ते वीज खात्यात होते, चोरून वीज घेणाऱ्यांना पकडणाऱ्या पथकात. उभा जन्म लोकांच्या भिंती, माड्या, विहिरी आणि आंब्याची झाडं संशयानं बघण्यात गेला. आकडा टाकलेली वायर कुणी कुठं लपवली होती, याचे किस्से त्यांच्याकडं ढिगानं होते, आणि प्रत्येक किश्श्याच्या शेवटी एकच वाक्य असायचं, "चोर वाईट न्हाय ओ. आपलं न बघणं वाईट."

निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. एकदा त्यांनी स्वतःच्या घरातली सगळी बटणं बंद केली आणि मीटर बघितलं, तर ते फिरतच होतं. झालं. शेजाऱ्यांवर संशय, वायरमनवर संशय, बिल्डरवर संशय. दोन दिवस भिंतीला कान लावून झाल्यावर त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, देवघरातला छोटा विजेचा दिवा दाखवला. तो त्या कधीच विझवत नसत. बापू काय म्हणाले असतील? "हे मला आधी का सांगितलं न्हाईस?"

काकू हसून आम्हाला सांगायच्या, "लग्न ठरल्यावर तीन खेपा आमच्या वडलांस्नी इचारून गेल्यात, दाखवलेली मुलगी हीच न्हवं?"

पाणी घरचंच. कापडातून गाळलेलं. जैन घर, गाळून प्यायची रीतच होती, पण बापू दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावणं सोडा, दुसऱ्याचं पाणी हातावरसुद्धा घेत नसत. मी एकदा विचारलं, हे धर्मामुळं का? तर म्हणाले, "निम्मं देवाचं, निम्मं माझं."

असा माणूस सायकलच्या टीममध्ये आला कसा, हेच मला पहिल्यापासून खटकत होतं. साठी ओलांडलेलं वय, पण पाय जबरदस्त. रोज पहाटे एकटेच कुरुंदवाडच्या रस्त्याला लागायचे. एकट्यानं चालवणाऱ्या माणसाला टीम कशाला हवी? मी विचारलं नाही. त्यांच्या सहवासात आपलाही स्वभाव तसाच होतो. माणूस विचारत नाही, नुसता बघत राहतो.

आम्ही चौघं होतो. दातांच्या डॉक्टर शुभांगी, ज्यांचा दवाखाना माझ्या क्लासच्या गल्लीतच होता. गडमुडशिंगीचा तानाजी, फौंड्रीत कामाला, घरी दोन म्हशी, वय सव्वीस-सत्तावीस, आणि आमच्यात सगळ्यांत जोरकस. मी. आणि बापू. एका सायकल क्लबानं हौशी लोकांसाठी टीम टाइम ट्रायल जाहीर केली होती. चौघांनी एकत्र सुटायचं, एकामागं एक चालवायचं, आणि तिसरा गडी रेषेवर आला की घड्याळ थांबणार. म्हणजे एकजण मागं राहिला तरी चालतंय, दोन राहिले तर संपलं.

या शर्यतीत सगळी करामत आडोशाची असते. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या पाठीला लपतात. पाळी संपली की पुढचा बाजूला होऊन शेवटी जातो. पण लपायचं तर पुढच्याच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटावं लागतं. पुढच्यानं अचानक ब्रेक दाबला की आपण रस्त्यावर. म्हणजे खेळ पायांचा कमी आणि भरवशाचा जास्त.

आणि बापू पुढच्याच्या मागं इतकी जागा ठेवायचे, की मधून एक मोटारसायकल आरामात गेली असती. एकदा खरंच गेली.

"बापू, जवळ या की," शुभांगी ओरडायच्या.

"अक्का, तुमचा ब्रेक मी लावलेला न्हाय."

शुभांगींना ते अक्का म्हणायचे, त्यांच्या भागातल्या कानडी वळणानं. शुभांगींचा राग मला दिसायचा, पण त्या अक्का शब्दावर तो विरघळायचा.

संशयाची गंमत अशी, की तो अंगाला लागतो. दोन महिन्यांत आम्ही सगळे बदललो. सराव संपल्यावर कोण किती दमलाय हे चोरून बघायला लागलो. शुभांगी मला म्हणाल्या, "सर, तुमच्या पाळ्या हल्ली लहान होतात का हो?" मी म्हणालो, "नाही बुवा," आणि घरी जाऊन विचार केला, ह्या मोजतात की काय? पूर्वी सराव झाला की चहा प्यायचो, हसायचो. आता चहा प्यायचो आणि एकमेकांकडं बघायचो.

पण बापूंची खरी नजर होती तानाजीवर. कारण साधं होतं. तो फार चांगला होता.

एका रविवारी तानाजीच्या मुडशिंगीतल्या चहाच्या टपरीवर आम्ही सायकली भिंतीला लावल्या. तानाजी आत भजी सांगायला गेला, तसे बापू उठले. त्याची सायकल दोन्ही हातांनी उचलून त्यांनी वजनाचा अंदाज घेतला. मग आपली उचलली. मग परत त्याची. पायडल उलटं फिरवलं आणि सायकलच्या नळीला कान लावला. टपरीवाला चहा ओतायचा थांबला.

"काय ऐकताय, बापू?" तानाजी भज्यांची प्लेट घेऊन मागंच उभा होता.

बापू सरळ झाले. जराही ओशाळले नाहीत. "परदेशात एकाच्या सायकलीत मोटर घावली. मोबाईलवर बघितलंय मी."

तानाजी खो खो हसला. "मोटर असती तर मी ती चालवली असती की ओ बापू, फौंड्रीत कशाला मरायला गेलो असतो?"

सगळे हसले. बापूही थोडे हसले, पण भजं घेतलं नाही.

पुढच्या काही आठवड्यांत मात्र तानाजीचं काहीतरी बिनसलं. चढाला मागं पडू लागला. विचारलं तर म्हणायचा, "रातपाळी हाय सर, झोप हुईना." भूक नाही म्हणायचा. भज्यांकडं बघून तोंड वाकडं करायचा. बापूंनी मला बाजूला घेतलं.

"सर, हा राखून ठेवतोय."

"कशासाठी?"

"मुडशिंगीत चौकशी केलीया मी. ह्याचा मावसभाऊ इचलकरंजीच्या टीममधनं चालवतोय." मग आवाज आणखी खाली. "आमाला सांगितलं का त्यानं? न्हाय. का न्हाय?"

खरं म्हणजे कुणाचा मावसभाऊ काय करतो हे सांगायची गरजच नव्हती. पण बापूंनी ते "का न्हाय?" असं काही विचारलं, की मलाही तो प्रश्न बरोबर वाटू लागला.

शर्यत मुडशिंगीपासून हुपरीच्या पुढच्या एका फाट्यापर्यंत आणि परत अशी होती. ऊसतोडीचे दिवस. रस्त्याच्या कडेला चघळून टाकलेल्या चोयट्या पडलेल्या, उसाच्या ट्रॉल्या आयोजकांनी पोरं लावून बाजूला थोपवलेल्या. दर काही मिनिटांनी एक टीम सोडत होते. आमच्या आधी इचलकरंजीवाले सुटले. त्यातल्या एकानं जाता जाता तानाजीला हात केला. बापूंनी माझ्याकडं बघितलं.

जाताना आम्ही झकास गेलो. वारा पाठीशी होता. फाट्यावर वळलो आणि तोच वारा तोंडावर आला. तानाजीची पाळी होती. तो पुढं आला, जरा वेळ ओढलं आणि एकदम बाजूला झाला. पुढची पाळी आली तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. मग तो मागं पडायला लागला. एक सायकल, दोन सायकली, दहा.

"तानाजी!" शुभांगी ओरडल्या.

"सोंग हाय ते," बापू म्हणाले. "चला."

मी मागं वळून बघितलं. तानाजी सायकल टाकून उसाच्या कडेला गुडघ्यावर बसला होता. ओकत होता.

"बापू, त्याला उलटी होतेय."

"तिघं पुरतात. चला म्हणतोय न्हवं!"

आम्ही गेलो. हे मी सांगतोय ते इतकं सरळ झालं नाही. बापू चला म्हणत होते आणि त्यांचीच मान सारखी मागं वळत होती. त्या नादात ते दोनदा रस्त्याच्या कडेला गेले. पण थांबले नाहीत. आता तिघांनाही शेवटपर्यंत पोचायचं होतं, एकही सुटून चालणार नव्हतं, आणि वारा असा होता की आडोशाशिवाय टिकाव नाही. हुपरी मागं पडली तशी माझ्या मागं मला कुणाच्या तरी श्वासाचा आवाज यायला लागला. इतक्या जवळ, की मी दचकलो. बापू माझ्या चाकाला चिकटले होते. नाइलाजानं, पण चिकटले होते. पुढं बघत नव्हते बहुतेक, माझ्या चाकाकडंच बघत होते.

आम्ही दुसरे आलो. पहिले इचलकरंजीवाले.

आणि मग तानाजी आला, तो एका टेम्पोतून. मावसभावानं आपल्या टीमचा टेम्पो माघारी पाठवून त्याला उचलून आणलं होतं. चेहरा मातीसारखा, ओठ कोरडे. बापू सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बघितलंसा, कुणाच्या गाडीतनं आला?" हे आम्हाला. मग त्याला, "तानाजी, कुणासाठी थांबलास रं?"

तानाजीनं वर बघितलं. त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला राग म्हणता येणार नाही.

"बापू, मला जरा बसू द्या," एवढंच तो म्हणाला.

तीन-चार दिवसांनी कळलं, तानाजी दवाखान्यात आहे, सलाईन लावलंय, पोटात काहीतरी गेलंय म्हणतात. त्याच संध्याकाळी शुभांगींचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"सर, एक सांगू? शर्यतीच्या आधी सायकली लावल्या होत्या ना, तिथं मी बापूंना बघितलं. तानाजीची बाटली उघडत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते मला माहीत नाही. बघितलं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी बापूंचाच फोन. "सर, चला, तानाजीला बघून यू या. खरंच आजारी हाय का कळंल तरी." मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो. सबंध रस्ताभर माझ्यापुढं त्यांची मान होती, नीट कापलेले पांढरे केस, आणि मी त्या मानेकडं बघत विचार करत होतो, या माणसाबद्दल मला नक्की काय माहीत आहे?

वॉर्डात तानाजी डोळे मिटून पडला होता. उशाशी त्याची आई. बापू खाटेपाशी गेले आणि त्यांनी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली. डोळा हळदीसारखा पिवळा होता. तानाजीनं डोळे उघडले, बापूंना बघितलं आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. "बापू म्हंजे तुमीच व्हय? तानाजी लई सांगतोय तुमचं. म्हातारपणाला असं पाय पायजेत म्हणतोय." तिनं थर्मासमधला चहा कपात ओतून पुढं केला. बापूंनी तो कप घेतला. प्याले की नाही, ते मला आठवत नाही. कप बराच वेळ त्यांच्या हातात होता.

राउंडला डॉक्टर आले, त्यांना बापूंनी धरलं.

"काय झालंय?"

"कावीळ. दूषित पाण्यातून होते ती."

"कशावरून?"

डॉक्टर चमकले, पण तपासण्यांबद्दल नीट सांगितलं.

"पाणी कधी पोटात गेलं असंल?"

"काही आठवडे तरी झाले असतील. लगेच दिसत नाही ती. आधी नुसता थकवा, अन्नावर वासना नाही, मळमळ. अंगात कावीळ घेऊनच फिरत असणार हा."

"शर्यतीच्या दिवशी बाटलीतनं कायतरी गेलं, असं?"

"नाही हो. एका दिवसाचं काम नाही हे."

बापूंनी मान हलवली. बाहेर व्हरांड्यात आलो तर शुभांगी जिना चढून येत होत्या. त्यांनी बापूंना बघितलं आणि थेट समोर येऊन उभ्या राहिल्या. हळू बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी आवाज चढला होता.

"बापू, शर्यतीच्या आधी तुम्ही तानाजीच्या बाटलीत काही घातलंत का?"

मी खाली बघितलं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण बापूंचा चेहरा एकदम उजळला.

"शाबास अक्का! ह्ये त्याच दिवशी इचारायला पायजे हुतं. चार दिवस कशाला थांबलासा?" मग सरळ सांगून टाकलं, "उघडली. वास घेतला. मला वाटलं, ताकदीच्या गोळ्या घालून प्यायलाय की काय. नुसतं लिंबूपाणी हुतं." आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, एक शब्द इकडचा तिकडं न करता, सांगितलं.

शुभांगी आत गेल्या. आम्ही खाली स्कूटरपाशी आलो. बापूंनी किल्ली लावली, पण स्कूटर सुरू केली नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवून तसेच बसून राहिले.

"सर," ते म्हणाले, "तुमालाबी तसंच वाटलं व्हय?"

मी म्हणालो, "थोडंसं."

"हं."

एवढंच. मग स्कूटर सुरू केली. पण त्या "हं"मध्ये वरच्या शाबासकीतलं काहीच उरलं नव्हतं.

त्यानंतर ते रोज दवाखान्यात जायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं, तानाजी बोलत नव्हता. जाऊन खुर्चीवर बसायचे. सलाईनच्या प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचायचे, नळीत हवेचा बुडबुडा दिसला की नर्सला हाक मारायचे, औषध आणलं की पाकिटावरचं नाव चिठ्ठीवरच्या नावाशी ताडून बघायचे. नर्सा वैतागल्या. एकही चूक सापडली नाही बापूंना, सगळं जिथल्या तिथं होतं. पण बघायचं काही सोडलं नाही. मला कुणी विचारलं असतं, हा काय प्रकार आहे, तर मला सांगता आलं नसतं. हा माणूस माफी मागत होता का? की माफी न मागता येणारा माणूस त्याला जे एकच काम येतं ते करत होता?

घरी सोडलं त्या दिवशी तानाजी एक वाक्य बोलला. त्याच्या आईनंच मला सांगितलं. "बापू, आता येऊ नका."

बरा झाल्यावर तो आमच्याकडं परतला नाही. इचलकरंजीच्या टीममध्ये गेला, मावसभावाकडं. ही बातमी मी बापूंना सांगितली तेव्हा ते गॅलरीत उभे होते.

"म्हटलं हुतं का न्हाय? तिकडंच जाणार म्हणून," ते म्हणाले. आणि हसले. ते हसू बघवलं नाही मला.

आमची टीम तिथंच संपली. शुभांगी अधूनमधून एकट्याच चालवतात. बापूंचा गुडघा गेला, डॉक्टरांनी सायकल बंद केली, आणि बापू व काकू फ्लॅट भाड्यानं देऊन कुरुंदवाडला राहायला गेले. भाडेकरूची चौकशी किती दिवस चालली होती ते काकूच जाणोत.

पुढच्या वर्षी त्याच क्लबाची तीच शर्यत मी नुसती बघायला गेलो. या खेपेला आयोजकांनी थाट वाढवला होता. सुटायच्या रेषेवर दोन्ही पाय पायडलवर ठेवून उभं राहायचं, आणि मागून एकानं सीट धरून सायकल तोलून धरायची. प्रत्येक टीमनं आपापली धरणारी माणसं आणायची होती. गर्दीत मागं एका झाडाखाली बापू दिसले. काठी घेऊन, पांढरी टोपी घालून, एकटे. कुरुंदवाडहून एसटीनं आले होते. मी मागून त्यांच्यापाशी गेलो आणि हाक मारणार, तेवढ्यात इचलकरंजीची टीम रेषेवर आली.

तीन सायकलींमागं तीन माणसं उभी होती. चौथी तानाजीची, तिच्यामागं कुणी नव्हतं. धरणारा कुठंतरी अडकला होता, मावसभाऊ फोनवर ओरडत होता, आणि पंच म्हणत होता, "चला, चला, वेळ झाली." तानाजीनं मान वर करून गर्दीवरून नजर फिरवली. ती झाडाखाली थांबली. बराच वेळ थांबली असं मला वाटलं, पण तेवढा वेळ नव्हताच तिथं.

"बापू," तो म्हणाला, "धरा की."

बापूंनी काठी माझ्या हातात दिली. मी तिथं आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं तर. लंगडत ते गेले, वाकले, आणि दोन्ही हातांनी सीट धरली. तानाजीनं एक पाय उचलला, मग दुसरा. आता त्याचा सगळा भार त्या दोन हातांवर होता.

"हलू नका, बापू."

"मी कुठं हलतोय."

पंचानं शिट्टी मारली. चौघं सुटले, कपडे फडफडले, आणि बघता बघता वळणावर दिसेनासे झाले. लोकही पुढची टीम बघायला पांगले. बापू तिथंच वाकून उभे होते, दोन्ही हात अजून तसेच पुढं धरलेले, मधे काही नसताना.